स्वयंपाकघरांतला धर्म

धर्मावर लिहिलेलीं पुस्तकें आमच्या भाषेंत थोडीं नाहींत. धर्म जगावा कसा हें दाखविणारीं मात्र फार थोडीं आहेत. पहिल्या प्रकारच्या पुस्तकांत सिद्धांत असतो, प्रमाणें असतात, प्रतिपक्षाचें खंडन असतें, आणि तीं वाचून वाचक बहुधा आपल्या जुन्याच मतावर अधिक घट्ट बसतो. दुसऱ्या प्रकारचें पुस्तक वाचकास त्याच्या मताविषयीं कांहींच विचारीत नाहीं. तें त्याला त्याच्या घरांतील पाण्याच्या घागरीविषयीं, पगाराच्या पैशांविषयीं आणि दाराशीं येऊन उभ्या राहिलेल्या माणसाविषयीं विचारतें. लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ हें ह्या दुसऱ्या प्रकारांतलें पुस्तक होय. १९३४ ते १९३६ ह्या काळांत तें चार भागांनीं प्रसिद्ध झालें, त्याला आतां नव्वद वर्षें लोटलीं. एवढ्या अवधींत त्याची स्तुति पुष्कळ झाली. परंतु त्यांतील धर्माविषयीं जें बोलावयास पाहिजे होतें तें पुरतें बोललें गेलें नाहीं असें आम्हांस वाटतें, आणि म्हणून हा लेखप्रपंच.

ह्या पुस्तकाचे वाचक सामान्यतः दोन पक्षांचे असतात. पहिला पक्ष साहित्यरसिकांचा. त्यांस बाईंचा विनोद आवडतो, त्यांची घरगुती बोली आवडते, शाळेचें तोंड न पाहिलेल्या एका स्त्रीनें इतकें सरळ आणि जिवंत गद्य लिहावें ह्याचें त्यांस कौतुक वाटतें. ह्या कौतुकांत खोटें कांहींच नाहीं. पण धर्माची गोष्ट निघाली कीं हे रसिक पान उलटतात. तो टिळक कुटुंबाचा खाजगी प्रश्न, असें समजून त्याकडे सभ्यपणें पाठ फिरवितात. दुसरा पक्ष ख्रिस्ती मंडळींतील भाविकांचा. त्यांस हें पुस्तक म्हणजे एक साक्ष वाटते. एक कर्मठ घराणें, एक विद्वान् पति, एक हट्टी पत्नी, आणि शेवटीं दोघांचा बाप्तिस्मा, एवढा सांगाडा ते त्यांतून काढून घेतात आणि बाकीचें मांस टाकून देतात. एक पक्ष पुस्तक घेतो आणि धर्म सोडतो. दुसरा धर्म घेतो आणि पुस्तक सोडतो. आमचें म्हणणें असें कीं ह्या पुस्तकांत हीं दोन निराळीं करतांच येत नाहींत. त्यांतला विनोद हाच त्यांतल्या श्रद्धेचा आचार आहे.

हा विचार नागपुरांत बसून करावा ह्यालाही कारण आहे. नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वीं कांहीं काळ ह्या शहरांत होते. येथील श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयानें संस्कृत धर्मग्रंथांच्या संपादनाचें काम त्यांच्याकडे होतें, आणि ‘ऋषि’ नांवाचें मासिकही त्यांनीं ह्याच काळांत चालविलें. त्या वेळीं नागपुरांत ख्रिस्ती धर्म कांहीं नवा नव्हता. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं येथें आले. त्यांनीं शाळा काढली, गोंड लोकांच्या चालीरीतींची आणि गीतांची टिपणें केलीं, ह्या प्रांतांतील दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ सालीं नदीच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ पासून येथें आहे. पण टिळक त्या कॉलेजचे विद्यार्थी नव्हते, आणि कोणा उपदेशकाच्या व्याख्यानानेंही ते पालटले नाहींत. नागपूर सोडून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस बायबलाची प्रत दिली. ती वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचनापाशीं ते थांबले, आणि तेथून पुढें त्यांचें मन पूर्ववत् राहिलें नाहीं. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

साक्षीच्या पद्धतीनें लिहिणाऱ्या कोणाही लेखकानें हा आगगाडीचा डबा ग्रंथाच्या मध्यभागीं ठेवला असता. लक्ष्मीबाईंनीं तसें केलें नाहीं, आणि त्यांस तें करतांही येत नव्हतें. कारण त्या डब्यांत त्या नव्हत्या. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, परंतु आमच्या मतें सबंध पुस्तकाची किल्ली हीच आहे. बाबा पदमनजी ‘अरुणोदय’ लिहितात तेव्हां धर्म बदलणारा आणि लिहिणारा एकच असतो; पंडिता रमाबाई आपली साक्ष देतात तेव्हांही तसेंच. पतीचें धर्मांतर प्रथम लक्ष्मीबाईंच्या वांट्यास आलें तें मात्र प्रकाश म्हणून नव्हे, तर घरावर कोसळलेली वीज म्हणून. त्यांस कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. पतीच्या अंतःकरणांत काय घडलें हें त्यांस कळण्याच्या आधीं आपल्या कपाळीं काय आलें हें कळलें. त्यानंतरचीं वर्षें त्यांनीं नातलगांच्या आधारानें, कांहीं काळ पंढरपुरांत, पतीपासून दूर काढलीं. नवरा जिवंत असून नाहींसा, आणि लोकांची कींव पुरेशी नाहीं म्हणून कीं काय, वर त्यांचें कुतूहल. अशा अवस्थेंत एका स्त्रीनें दिवस कसे ढकलले हें बाई सांगतात. पुढें त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी त्या दिवसांचें दुःख त्यांनीं मागाहून पुसून टाकलें नाहीं. शेवट गोड झाला म्हणून मधला घास कडू नव्हता, असें त्या म्हणत नाहींत. धर्माविषयीं लिहिणाऱ्याच्या अंगीं हा प्रामाणिकपणा विरळा असतो. आपण ज्याला सत्य मानतों त्याच्यापायीं दुसऱ्यास झालेली इजा कबूल करणें, ही श्रद्धेची उणीव आहे असें कित्येकांस वाटतें. आम्हांस ती श्रद्धेची पहिली खूण वाटते.

आतां सोंवळ्याची गोष्ट पाहूं. बाईंच्या माहेरीं सोंवळ्याचा अतिरेक होता. त्यांच्या वडिलांस विटाळाचें असें कांहीं वेड लागलें होतें कीं बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येऊं द्यावयाची नाहीं, असा त्यांचा नेम. त्या घरांतील पोरांचे आणि बायकांचे जे हाल झाले ते बाईंनीं हंसत हंसत सांगितले आहेत; पण त्या हंसण्याखालीं एका लहान मुलीचें भेदरलेलें मन वाचकास स्पष्ट दिसतें. अशा घरांत वाढलेली मुलगी सोंवळ्याचा तिटकारा घेऊन बाहेर पडेल, असा आपला तर्क. प्रत्यक्षांत तसें घडलें नाहीं. वडिलांच्या सोंवळ्यानें जिला छळलें, तिनेंच पतीच्या धर्मांतरानंतर आपलें सोंवळें उराशीं धरून ठेवलें. पुन्हां एकत्र राहूं लागल्यावरही बाईंचा स्वयंपाक निराळा आणि पाणी निराळें. टिळकांनीं त्यांस सक्ती केली नाहीं. बायकोचा धर्म बायकोपाशीं, असें म्हणून त्यांनीं तिच्या सोंवळ्याची सोय लावून दिली. एकाच छपराखालीं दोन चुली आणि दोन देव, आणि दोघांमध्यें प्रेमही आहे नि भांडणही आहे, असें तें घर होतें. मराठी वाङ्मयांत धर्मस्वातंत्र्यावर व्याख्यानें पुष्कळ आहेत. त्याचें इतकें साधें चित्र आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

मग एके दिवशीं राहुरीच्या मुक्कामांत बाईंच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. जाति देवानें केल्या कीं माणसानें? देवानें केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा डोळ्यांनीं ओळखूं येतात तशा माणसांच्याही आल्या असत्या. तसें तर दिसत नाहीं. विचार एवढाच. ह्यांत कोणता ग्रंथ नाहीं, कोणता साक्षात्कारही नाहीं. पण ह्या विचाराचा शेवट त्यांनीं मान डोलावून केला नाहीं. आतां कोणाच्याही हातचें खावयाचें आणि प्यावयाचें, असें त्यांनीं ठरविलें, आणि त्याप्रमाणें केलें. बाप्तिस्मा पुढें १९०० सालीं झाला. हा क्रम आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावा. आधीं दुसऱ्याच्या हातचें पाणी, नंतर देवळाच्या कुंडांतलें पाणी. पुष्कळांचा क्रम ह्याच्या उलट असतो: ते आधीं बाप्तिस्मा घेतात, आणि दुसऱ्याच्या हातचें पाणी ही गोष्ट पुढच्या पिढीवर सोंपवितात. धर्म बदलला आणि घागर बदलली नाहीं, तर बदललें काय? हा प्रश्न बाईंनीं शब्दांनीं विचारलेला नाहीं, परंतु सबंध पुस्तक तोच विचारीत असतें.

बाप्तिस्म्यानंतर सामान्य साक्षलेखकाची कथा संपते. बाईंची येथून रंगात येते. कारण आतां प्रश्न धर्म कोणता हा नसून तो चालवावयाचा कसा हा आहे, आणि तो चालवावयाचा आहे टिळकांसारख्या पुरुषाबरोबर. टिळक उदार होते, कवि होते, शीघ्रकोपी होते आणि व्यवहारांत लहान मुलासारखे होते. घरांतलें किडुकमिडुक कोणाच्या हातीं जाईल ह्याचा नेम नसे. बाजारास पाठवावें तर भलतीच वस्तु घेऊन घरीं यावयाचें, आणि वाटेंत एखादा निराश्रित भेटला तर त्यालाही बरोबर आणावयाचें. उद्यांची चिंता करूं नये, ही येशूची शिकवण टिळकांनीं अक्षरशः घेतली. परंतु उद्यांची चिंता करूं नये म्हटलें तरी उद्यांचें पीठ कोणाला तरी आज दळून ठेवावें लागतें, आणि तें बहुधा चिंता न करणाऱ्याला लागत नाहीं. बाई ह्याबद्दल चिडतात, बोलतात, पैसे दडवून ठेवतात आणि वेळप्रसंगीं रुसतात. आणि तरीही आलेल्या पोरक्या मुलास जेवूं घालून त्याचें डोकें विंचरतात. येथें खरा त्याग कोणाचा, असा प्रश्न वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. देणाऱ्याचें नांव होतें, आणि ज्याच्या ताटांतलें दिलें गेलें तो गप्प असतो. स्मृतिचित्रांत तो गप्प राहिलेला नाहीं, एवढेंच नव्हे तर त्याच्या बोलण्यांत वैरही नाहीं. दानधर्माच्या गोष्टींत असा दुसऱ्या बाजूचा हिशेब आम्हीं फार थोड्या ठिकाणीं वाचला आहे.

ह्या ठिकाणीं रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींची तुलना मनांत येते. तें पुस्तकही थोर आहे आणि त्यांतील पतिप्रेम निर्मळ आहे. पण रमाबाई न्यायमूर्तींकडे खालून वर पाहतात. त्यांच्या दृष्टींत पूज्यभाव इतका दाट आहे कीं त्या पुरुषाचे दोष आपणांस दिसत नाहींत. लक्ष्मीबाई टिळकांकडे समोरून पाहतात. त्यांस टिळक थोर वाटतात तसेच हास्यास्पदही वाटतात, आणि ह्या दोहोंपैकीं एकासाठीं दुसरें लपवावें असें त्यांस वाटत नाहीं. हें जर केवळ लेखनकौशल्य असतें तर आम्हीं त्याचा येथें इतका प्रपंच केला नसता. ज्या माणसाला आपण क्षमा केली आहे त्याच्याच दोषांकडे असें मोकळेपणानें हंसून पाहतां येतें. ज्याला केली नाहीं त्याचे दोष एकतर झांकावे लागतात किंवा चघळावे लागतात. बाईंचा विनोद हा क्षमेचा व्यवहार आहे असें आम्हीं आरंभीं सुचविलें त्याचा अर्थ हाच.

सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका मठाच्या स्वयंपाकघरांत काम करणारे ब्रदर लॉरेन्स भांडीं घासतांनाही देवाच्या सान्निध्यांत राहण्याचा अभ्यास करीत, अशी प्रसिद्धि आहे, आणि ख्रिस्ती जगांत नित्याच्या धर्माचा आदर्श म्हणून त्यांजकडे बोट दाखविण्यांत येतें. आदर्श सुंदर आहे. पण त्या मठाच्या स्वयंपाकघरांत मूल रडत नव्हतें, नवरा चार पाहुणे घेऊन येत नव्हता, आणि चूल कोणत्या जातीच्या माणसानें पेटवावी ह्याचा वादही नव्हता. मठांतल्या चुलीपाशीं शांति सांपडते. घरांतल्या चुलीपाशीं ती दररोज नव्यानें करावी लागते. आमच्या बहुतेक वाचकांची चूल घरांतली आहे, आणि म्हणून लक्ष्मीबाई त्यांस लॉरेन्सपेक्षां जवळच्या वाटल्या तर त्यांत नवल नाहीं.

स्तुति करतांना दोष झांकणें हें टीकाकाराचें काम नव्हे. चवथ्या भागाची वीण पहिल्या तीन भागांइतकी घट्ट नाहीं. १९३६ सालीं बाई वारल्या आणि पुस्तकाची अखेर चिरंजीव देवदत्त ह्यांस पुरी करावी लागली, हें त्याचें एक कारण दिसतें. प्रसंगांचा अनुक्रम पुष्कळदां आठवणीच्या लहरीवर चालतो. बाईंच्या स्वतःच्या प्रार्थनाजीवनाविषयीं पुस्तकांत फारसें कांहीं नाहीं, आणि भाविक वाचकास ही उणीव भासेल. आम्हांस मात्र तो संकोच योग्य वाटतो. ज्या स्त्रीनें पतीनंतर त्याचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ हातीं घेतलें आणि त्याचे बहुसंख्य अध्याय स्वतः रचून तें पुरें केलें, तिला देवाविषयीं बोलावयास कांहीं नव्हतें असें कोण म्हणेल? तें काव्य तिच्या मृत्यूनंतर १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. देवाविषयीं बोलण्याची जागा ती, आणि माणसांविषयीं बोलण्याची ही, असा तिनें विवेक केला.

परंतु एक उणीव अशी आहे कीं ती ह्या पुस्तकाची नसून आपल्या सर्वांची आहे. टिळकांचें घर ब्राह्मणाचें. त्यानें सोंवळें सोडलें ही कथा झाली, कारण सोडण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं होतें. त्याच नगर जिल्ह्यांत ज्या महार आणि मांग कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांची संख्या टिळकांसारख्यांच्या कितीतरी पट होती. त्यांस सोंवळें सोडावयाचें नव्हतें. ज्यांच्या सोंवळ्यानें आपल्याला आजवर दूर ठेवलें त्यांच्याच शेजारीं आतां प्रार्थनेस बसावयाचें होतें. त्यासाठीं जी क्षमा लागली ती बाईंच्या क्षमेहून लहान खचित नव्हती. ती कथा तितक्याच विस्तारानें आणि तितक्याच मोकळ्या मनानें लिहिली गेली असती तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचें चित्र पुरें झालें असतें. स्मृतिचित्रांत हीं माणसें येतात, आणि बाई त्यांच्याकडे मायेनें पाहतात. पण तीं पाहिलेलीं माणसें आहेत, पाहणारीं नव्हेत.

नागपूरकरांस हें सांगण्याची विशेष गरज नसावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं ह्याच शहरांत डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. धर्म निराळा, कारणें निराळीं. तरी त्या दिवशीं दिलेल्या बावीस प्रतिज्ञांकडे पाहावें. त्यांत जुन्या देवांचा त्याग आहे, त्याप्रमाणेंच चोरी न करणें, खोटें न बोलणें, दारू न पिणें आणि प्राणिमात्रांवर दया करणें हेंही आहे. म्हणजे धर्मांतराच्या त्या भव्य समारंभांतही दुसऱ्या दिवशींच्या सकाळचा विचार होता. मैदानावर घेतलेली प्रतिज्ञा घरांत पाळावयाची असते, आणि घरांत तिला साक्षीदार थोडे असतात. बाप्तिस्म्याचें तेंच आणि दीक्षेचेंही तेंच.

आमच्या ख्रिस्ती बांधवांत रोजच्या चिंतनाचे लहान लहान लेख लिहिण्याची चाल आहे. एक वचन घ्यावयाचें, त्याखालीं दोन परिच्छेदांचा बोध, आणि शेवटीं प्रार्थना, असें त्याचें रूप ठरून गेलें आहे. ह्या लेखांचा हेतु चांगला असतो आणि एकाकी माणसास त्यांचा आधारही होतो. त्यांचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ते वाचून उठल्यावर पुष्कळदां असें वाटतें कीं ह्यांत कोणाचें घरच नाहीं. प्रीति करा असें त्यांत असतें, पण ज्याच्यावर प्रीति करावयाची तो सासरा कसा बोलतो हें नसतें. क्षमा करा असें असतें, पण शेजाऱ्यानें कुंपण किती हात सरकविलें हें नसतें. देवावर भरंवसा ठेवा असें असतें, पण महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस डब्यांत काय उरलें होतें हें नसतें. बोध अडचणीवांचून दिला म्हणजे तो सर्वांस लागू पडतो, आणि जो सर्वांस लागू पडतो तो कोणालाच बोंचत नाहीं. अशा लेखकांनीं स्मृतिचित्रांचीं चार पानें वाचून मग लेखणी उचलावी, एवढीच आमची त्यांस विनंती आहे. बाईंप्रमाणें लिहितां येणार नाहीं हें खरें. पण आपल्या घराचें दार उघडें ठेवून लिहितां येईल.

आणि जे वाचक ख्रिस्ती नाहींत, ज्यांस टिळकांचा देव आपला वाटत नाहीं, त्यांनीं हें पुस्तक धर्माचें पान उलटून वाचूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों. तसें वाचल्यानें त्यांतला विनोद शिल्लक राहील, पण तो कशाच्या बळावर उभा आहे हें कळणार नाहीं. एका बाईनें आपल्यावर झालेला घाव लपविला नाहीं, घाव घालणाऱ्याला सोडलें नाहीं, आणि ज्याच्या हातचें पाणी प्यावयाचें नाहीं असें तिला पाळण्यापासून शिकविलें होतें त्याच्यापुढें तिनें एके दिवशीं ओंजळ केली. ह्यापैकीं कोणतीही गोष्ट करावयास विशिष्ट धर्म लागतो कीं नाहीं ह्याचा निकाल ज्याचा त्यानें करावा. मात्र त्यापैकीं एक तरी गोष्ट आपल्या घरांत झाली आहे काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचारण्यासारखा आहे. तो विचारतांना आम्हीही वाचकांच्याच पंक्तीस बसलों आहोंत.